घरच्या घरी : वायफाय रुसलं तर आधी तीन प्रश्न विचारा

मैत्रिणींनो, या खेपेच्या टपालात घुग्घुसच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून छापत नाही. पण पत्रातली अडचण आज घरोघरची आहे, तेव्हा ती सर्वांसमोर ठेवते.

त्या लिहितात : "आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, वर टिनाचं. मिस्टर कोळसा खाणीत आहेत, कधी फर्स्ट शिफ्ट तर कधी नाइट. मुलीची यंदा मोठी परीक्षा आहे. तिचा क्लास रोज दुपारी मोबाइलवर असतो. त्यासाठीच घरात वायफाय घेतलं. पैसे दर महिन्याला वेळेवर भरतो. पण दुपार झाली की नुसतं चाक गोल गोल फिरत राहतं आणि मुलगी रडकुंडीला येते. सकाळी तेच वायफाय त्याच खोलीत छान चालतं! दुरुस्तीवाला दोनदा आला, डबा बंद करून चालू केला, पैसे घेऊन गेला. मिस्टर म्हणतात, कंपनी बदलू. मुलगी म्हणते, नवा मोबाइल घ्या. मी डब्याजवळ गेले की दोघंही म्हणतात, 'तू हात नको लावू, बिघडेल!' डबा नीट जपलाय हो मी. उंच जागी, गोदरेजच्या कपाटावर ठेवलाय आणि धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं कव्हरही विणून घातलंय. आता आणखी काय करू?"

ताई, पहिलं उत्तर हे की हात लावा! गॅसचा रेग्युलेटर बदलायला आपण शिकलोच ना? मिक्सर अडला की त्याच्या बुडाशी असलेलं लाल बटण दाबायलाही शिकलो. हा डबा, म्हणजे राउटर, त्याहून अवघड नाही. दिवसभर घरात आपण असतो. तो कधी चालतो आणि कधी अडतो हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला दिसत नाही. आणि दुखणं ओळखायला तेवढंच लागतं.

बिनतारी यंत्रं ही बायकांची गोष्ट नव्हे असं कुणी म्हणालं तर एक सांगा. हेडी लामार नावाची हॉलिवूडची प्रसिद्ध नटी होती. बिनतारी संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून तो एका लहरीवरून दुसऱ्या लहरीवर उड्या मारत पाठवायची युक्ती तिने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने मिळून काढली, आणि १९४२ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. अशाच उड्यांचं तंत्र आज आपल्या मोबाइलमधल्या ब्लूटूथमध्ये आहे.

नळाचं पाणी आठवा

नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? एकदम प्लंबरला बोलावत नाही. आधी शेजारी विचारतो, मग टाकी बघतो, मग नळ. इथेही तसंच आहे. बाहेरून तारेनं घरापर्यंत येतं ते इंटरनेट. म्हणजे नगरपरिषदेची पाण्याची लाइन. डब्यापासून आपल्या फोनपर्यंत हवेतून येतं ते वायफाय. म्हणजे घरातला नळ. दोन्हींची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी.

मोबाइलच्या कोपऱ्यात वायफायचा छोटा पंखा पूर्ण भरलेला दिसला, की सगळं ठीक आहे असं आपल्याला वाटतं. पण तो पंखा फक्त फोन आणि डबा यांची दोस्ती दाखवतो. डब्यापर्यंत बाहेरून काही येतंय का, हे त्यावरून कळत नाही. नळाची तोटी चकचकीत आहे आणि टाकी रिकामी, असाही प्रकार असू शकतो.

म्हणून अडलं की स्वतःला तीन प्रश्न विचारायचे : कोणाचं? कुठे? कधी? बहुतेक सगळं निदान या तीन शब्दांत होतं.

पहिला प्रश्न : कोणाचं?

एकाच फोनवर अडतंय की घरातल्या सगळ्या फोनवर? मुलीच्या फोनवर अडलं त्याच क्षणी तुमच्या फोनवर बघा. तुमच्याकडे चालत असेल तर दोष डब्याचाही नाही आणि कंपनीचाही नाही. तो त्या फोनचा. फोन बंद करून चालू करा. वायफायच्या यादीतलं आपल्या घरचं नाव 'विसरा' करा आणि पासवर्ड घालून पुन्हा जोडा. फोनची जागा ठासून भरली असेल तर लग्नाचे व्हिडिओ आणि सुप्रभातचे फोटो काढून टाका. नवा फोन घ्यायचा विचार त्यानंतर!

दुसरा प्रश्न : कुठे?

आता दोन मिनिटांची परीक्षा घ्या. डब्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहा आणि एखादा व्हिडिओ लावा. मग आतल्या खोलीत जाऊन तोच लावा. जवळ छान चालतो आणि आत अडतो, असं झालं तर दोष घरातल्या 'नळाचा', म्हणजे जागेचा. अशा वेळी महागडा प्लॅन घेऊन उपयोग नाही. ४० चा १०० केलात तरी भिंत तीच राहणार.

वायफायच्या लहरी दिव्याच्या उजेडासारख्या पसरतात आणि वाटेत काय येतं त्यावर कमी-जास्त होतात. लाकडी दार त्यांना फारसं अडवत नाही. विटांची भिंत थोडं अडवते, जुन्या घराची जाड मातीची भिंत त्याहून जास्त, आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब आणखी जास्त. पत्रा, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा (त्याच्यामागे धातूचा मुलामा असतो) तर लहरी परतवूनच लावतात. पाणी त्या शोषून घेतं. आता आपल्या वैदर्भीय कूलरकडे बघा. बाहेरून पत्रा, आत ओलंचिंब गवत, खाली पाण्याची टाकी! डबा आणि पलंग यांच्या मधोमध कूलर असेल तर वायफायच्या वाटेत जणू नदीच आली म्हणायची.

तेव्हा डबा कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. घराच्या शक्य तितक्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्या लाकडी फळीवर ठेवा. अँटेना असतील तर उभ्या करा.

मायक्रोवेव्ह ओव्हन असलेल्या भगिनींसाठी एक सूचना. ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो, आणि वायफायचा जुना पट्टाही २.४ चाच आहे. ओव्हनमधून थोड्या लहरी बाहेर येतातच. तेवढ्याने आपल्याला काही होत नाही, पण जवळच्या वायफायला त्रास होतो. डबा आणि ओव्हन एका ओट्यावर नांदत नाहीत.

पुष्कळ घरी यादीत आपल्या वायफायची दोन नावं दिसतात, त्यातल्या एकापुढे '५जी' असतं. हे म्हणजे १ ऑक्टोबर २०२२ ला देशात सुरू झालेली मोबाइलची ५जी सेवा नव्हे, बरं का. हा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. तो वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर थकतो. २.४ चा पट्टा जरा हळू, पण भिंती ओलांडून लांबवर पोचतो. डबा ज्या खोलीत आहे तिथे ५ चं नाव घ्या, आतल्या खोलीत २.४ चं.

घर लांबलचक असेल तर सिग्नल पुढे नेणारा रिपीटर मिळतो. तो आणताना एवढं लक्षात ठेवा, की जिथे सिग्नल मुळीच येत नाही तिथे लावला तर तो बिचारा पुढे काय पाठवणार? तो अर्ध्या वाटेवर लावायचा. आणि अभ्यासाची जागा ठरलेली असेल, अभ्यास लॅपटॉपवर असेल, तर डब्यापासून तिथवर सरळ तार ओढून घ्या. तारेला कूलर आडवा येत नाही.

तिसरा प्रश्न : कधी?

आता घुग्घुसच्या ताईंकडे वळू. त्यांच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे, "सकाळी तेच वायफाय त्याच खोलीत छान चालतं." अहो, भिंत सकाळीही तिथेच असते आणि कपाटही! सकाळी चालून दुपारी अडत असेल तर मुख्य दोष जागेचा नाही, तो वेळेचा. मग दुपारी असं काय बदलतं, ते शोधायचं.

दुपारी बदलतं ते ऊन. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं काही नवीन नाही. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात तो चालवायची मर्यादा ४० अंशांपर्यंतच दिलेली असते. त्यात गरम हवा वर जाते. टिनाखाली कपाटाच्या माथ्यावर किती उकडत असेल, त्याचा विचार करा. डबा स्वतःही तापतो, आणि ती उष्णता बाहेर जावी म्हणूनच त्याला बारीक फटी ठेवलेल्या असतात. त्या फटी क्रोशाच्या कव्हरनं झाकल्या गेल्या! भर उन्हाळ्यात त्याला स्वेटर घातल्यासारखंच झालं. ताई, तुमच्या हातचं काम सुंदरच असणार, पण ते कव्हर उशीला घाला.

हात लावून बघा. डबा कोमट लागणं स्वाभाविक आहे. हात ठेववत नाही इतका भाजत असेल तर तो तापलाय. तासभर बंद ठेवा, खाली सावलीच्या भिंतीशी, कूलरच्या पाण्यापासून दूर पण हवा खेळेल अशा फळीवर ठेवा आणि पुन्हा लावा. दुपारचा त्रास थांबला तर निदान झालं, आणि खर्च शून्य!

धुळीची काळजीही ताईंनी उगीच केलेली नाही. घुग्घुस म्हणजे कोळसा, सिमेंट आणि लोखंडाचं गाव. खिडकी उघडी राहिली की दुपारपर्यंत फरशीवर बोट ओढून नाव लिहिता येतं. तीच धूळ डब्याच्या फटींत बसते आणि उष्णता कोंडते. पण झाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. दर पंधरा दिवसांनी प्लग काढून कोरड्या, मऊ ब्रशनं फटी झाडा. ओलं फडकं किंवा साबणाचं पाणी नको.

वेळेचे आणखी प्रकार बघा.

लाइट गेल्यावर : क्षणभर दिवे लुकलुकले तरी डबा बंद पडतो, आणि पुन्हा उठून काम सुरू करायला त्याला दोन-चार मिनिटं लागतात. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे; पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच जिल्ह्यात! घरी इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटा युपीएस मिळतो. घेताना अॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर दुकानदाराला दाखवा. व्होल्ट तितकेच हवेत. अँपिअर तितके किंवा जास्त चालतील. लाइट असतानाही डबा आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी अॅडॉप्टर बदलून बघा. तो जुना झाला की डब्याला पुरी वीज देत नाही.

रात्री आठ ते अकरा : ही गर्दीची वेळ. काचेच्या तारेची एक लाइन पुढे फाटे फोडून बहुधा ३२ किंवा ६४ घरांना दिलेली असते. सगळ्या घरी एकदम सिनेमा लागला की वाटा कमी येतो. शिवाय लागून असलेल्या क्वार्टरांमध्ये शेजाऱ्यांचे डबे एकाच चॅनेलवर बोलत असतात; जत्रेत सगळ्यांनी एकदम हाका माराव्यात तसं होतं. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. दुरुस्तीवाला आला की त्याच्याकडून यातला मोकळा चॅनेल लावून घ्या.

पाऊस आला की : बाहेरच्या तारेचा जोड सैल झालेला असू शकतो. तो कंपनीच्या माणसानंच बघायचा. वीज कडाडू लागली की मात्र डब्याचा प्लग काढून ठेवा.

वेळ-काळ नाही, जवळही चालत नाही, सगळ्यांचंच बंद : मग दिवे बघा. एल-ओ-एस अशी अक्षरं असलेला दिवा लाल झाला असेल, तर काचेच्या तारेतून येणारा प्रकाशच पोचत नाहीये. तार तुटली, कुरतडली गेली, माकडांनी ओढली, किंवा पलीकडे बिघाड झाला. घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. सरळ तक्रार नोंदवा. लाल दिवा नाही, तरीही अडतंय? मग डब्याचा प्लग काढा, शंभरपर्यंत आकडे मोजा, लावा आणि पाच मिनिटं वाट बघा. यानं पुष्कळदा काम होतं. पण रोज रोज हेच करावं लागत असेल तर ते औषध नव्हे, नुसता बाम आहे.

एवढं करू नका

* डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसू नका. त्यानं कंपनीनं भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि माणूस बोलवावाच लागतो. बंद-चालू करणं वेगळं आणि हे वेगळं.
* काचेची बारीक तार घडी घालून खिळ्याला टांगू नका. वळण द्यायचंच तर आपल्या हातातल्या बांगडीपेक्षा लहान देऊ नका. त्याहून लहान वळणात प्रकाश गळतो.
* ती तार निघाली तर तिच्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. टोकाला बोटही लावू नका.
* पासवर्ड चाळीतल्या सगळ्यांना वाटू नका. साखर उसनी दिली तर परत येते! आपल्या वायफायवरून कुणी काही भलतं केलं तर चौकशी आपल्या दाराशी येते.

एक वही करा

दुधाचा हिशोब लिहितो तशी एक छोटी वही डब्याजवळ ठेवा. रकाने चार : तारीख-वेळ, कुठे, कोणाचा फोन, दिवे कसे होते. आठ दिवस लिहा. "सोमवार, दुपारी १२.४०, पुढची खोली, दोघींचेही फोन, लाल दिवा नाही, डबा भाजत होता." अशा पाच ओळी जमल्या की दोष आपोआप बोलू लागतो. आणि दुरुस्तीवाल्यासमोर "सारखं बंद पडतं हो" म्हणण्याऐवजी ही वही ठेवली की त्याला नुसता डबा बंद-चालू करून जाता येत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर ग्राहक क्रमांक, कंपनीचा तक्रारीचा नंबर आणि कनेक्शन कोणाच्या मोबाइलवर नोंदलंय ते लिहा. पुष्कळ घरी ते मिस्टरांच्या नंबरवर असतं. ते खाणीत, फोन लॉकरमध्ये, आणि ओटीपी तिकडे! म्हणून आपला नंबरही जोडून घेता येतो का ते विचारा. तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि तक्रारीचं समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तो क्रमांक नसेल तर आपली तक्रार हवेतच राहते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ही आहे.

काचेची तार अजून पोचलेली नाही अशा गडचिरोलीकडच्या गावांतल्या भगिनी सिम कार्डाचा डबा वापरतात. त्यांनी तो टॉवरच्या दिशेच्या खिडकीत, पण उन्हापासून आडोशाला ठेवावा. प्रश्न तेच तीन.

परीक्षेच्या दिवसाचं मात्र वेगळं. त्या दिवशी निदान करत बसायचं नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला घरातला एक फोन आदल्या रात्री चार्ज करून ठेवा, त्यात डेटा आहे ना ते बघा आणि त्याचं हॉटस्पॉट लावून मुलीच्या फोनला एकदा जोडून ठेवा. वायफाय अडलं तर अर्ध्या मिनिटात इकडे वळता येईल. मुलीच्या मनालाही धीर राहील.

घुग्घुसच्या ताई, तुमच्यासाठी क्रम असा : आज कव्हर काढा आणि ब्रशनं धूळ झाडा. डबा कपाटावरून खालच्या फळीवर आणा. तार पुरत नसेल तर ओढाताण करू नका, लाइनमनकडून लांब तार लावून घ्या. उद्यापासून आठ दिवस वही लिहा. तेवढ्यानं दुपार सुरळीत झाली तर उत्तम. नाही झाली तर वही घेऊन तक्रार करा. कंपनी आणि मोबाइल बदलायचा विचार त्यानंतर. आणि मुलीला हे तीन प्रश्न शिकवून ठेवा. पुढे शिकायला बाहेरगावी गेली की खोलीवर तिलाच डबा सांभाळायचा आहे.

आठ दिवसांनी वहीत काय निघालं ते जरूर कळवा. इतर मैत्रिणींनीही आपापल्या घरचं 'कोणाचं, कुठे, कधी' लिहून पाठवावं. पुढच्या अंकात बघू, कूलरचं गवत पावसाळ्याआधी काढून स्वच्छ कसं ठेवायचं ते.